आधी कान, मग बोटं: पेटीच्या साथीतून उपज शिकताना

नवरात्रातली पाचवी माळ होती. कोल्हापुरातल्या एका देवळाच्या मंडपात मी पहिल्यांदाच ख्यालाला पेटीची साथ करत होतो. गाणाऱ्या अक्का साठीच्या, मी तेविशीतला. यमन सुरू झाला आणि मला जेवढं येत होतं तेवढं सगळं मी वाजवून टाकलं. अक्का श्वासाला थांबल्या की माझी तान, अक्कांचा आलाप सुरू झाला की त्यावर माझा आलाप. टाळ्याही पडल्या. कार्यक्रम संपल्यावर प्रसादाचा द्रोण हातात घेऊन अक्का शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, “बाळ, हात तयार आहे तुझा. आता एक सांग, शेवटच्या आवर्तनात मी काय गायले?”

तालाच्या त्या एका फेऱ्यातला मला एक स्वर सांगता आला नाही.

त्या एका प्रश्नावर मी गेली अठरा वर्षं काम करतोय. संध्याकाळी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी जे सांगतो, ते इथे क्रमाने मांडतो आहे. साधारण दहा अलंकार, पाच-सहा रागांच्या बंदिशी आणि हातावर त्रिताल धरता येणं, एवढी शिदोरी ज्याच्याकडे आहे त्याच्यासाठी हे लिहिलंय. गाणाऱ्यांना, बासरीवाल्यांना, भजनी मंडळात पेटी धरणाऱ्यांनाही यातलं बरंच लागू पडेल.

आधी उपज म्हणजे काय ते बघू. रागाच्या आणि तालाच्या चौकटीत राहून, आधी न ठरवलेलं काही त्या घडीला वाजवणं म्हणजे उपज. बंदिशी बसल्या की आपल्याला वाटतं आता उपज यायला हवी. मग कुणीतरी ताना लिहून देतं, त्या वहीतून पाठ होतात आणि कार्यक्रमात फट दिसेल तिथे कोंबल्या जातात. जाणकाराला ते तिथल्या तिथे कळतं, कारण पाठ केलेली तान गाणाऱ्याच्या तानेशेजारी लग्नघरात चुकून शिरलेल्या परक्या माणसासारखी उभी असते. सुचतं ते आत्ता समोर जे घडलं त्यातून. ते कानावरून निसटलं असेल तर सुचायला काही उरतच नाही. म्हणून माझं ठाम मत आहे की उपज शिकायची खरी शाळा साथ हीच. एकट्याने वाजवताना न ऐकताही निभतं, साथीत दुसऱ्याच मिनिटाला उघडं पडतं.

आपल्या गावात याचा फार मोठा दाखला आहे. गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) कोल्हापूरजवळच्या सांगवड्याचे. पेटी ते बरीचशी स्वतःच्या स्वतः शिकले, आणि गाण्याची पहिली रीतसर ओळख आपल्याला देवल क्लब या इथल्या संगीतसंस्थेने करून दिली असं ते मानत. गवई भास्करबुवा बखल्यांकडून त्यांना गायकी मिळाली. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारचे गवई. त्यांच्याकडे गोविंदरावांनी समोर बसून तालीम घेतली नाही, पण ते गाणं कानांनी उचललं. पुढे ‘मानापमान’ नाटकाच्या चाली त्यांनीच बांधल्या. नुसत्या ऐकण्यावर माणूस कुठवर पोचतो हे बघायला आपल्याला परगावी जायला नको.

पहिली पायरी: पट्टी धरा आणि गप्प बसा

रोज रियाजाला बसलात की पहिली दहा मिनिटं पेटीला हात लावायचा नाही. तंबोरा लावा. खरा असेल तर उत्तम, नाहीतर मोबाइलवरचा चालेल, पण फोनच्या स्पीकरवर नको. त्यात खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचा षड्ज, ऐकूच येत नाही. कानात घालायचा चांगला हेडफोन घ्या किंवा बाहेरचा स्पीकर जोडा.

पंचमात लावलेल्या तंबोऱ्याकडे नीट कान दिलात तर तीन-चार दिवसांत खर्जाच्या तारेतून एक गांधार (ग) वर येताना ऐकू येईल. त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. कुणी छेडलेला नसतो, खर्जाच्या नादातच तो असतो. तो पहिल्यांदा ऐकू आला त्या दिवशी मी रियाज सोडून आईला बोलवायला गेलो होतो. आता पेटीवर गांधार दाबा आणि दोन्ही एकत्र ऐका. पेटीचा गांधार चढा लागेल. शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांमधलं (काळ्याही धरून) अंतर १०० भागांचं धरलं, तर पेटीचा शुद्ध गांधार या स्वयंभू गांधारापेक्षा सुमारे १४ भागांनी वर असतो. पंचमात हाच फरक जेमतेम २ भागांचा आहे, म्हणून पंचम कानाला बोचत नाही. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीवर जी बंदी घातली आणि जी १९७१ पर्यंत राहिली, तिच्या मागे पेटीच्या सुरांबद्दलची ही तक्रार होती, आणि पेटीतून मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं) निघत नाही हीसुद्धा.

याचा साथीत उपयोग असा. भूपात किंवा यमनात गाणारा विलंबितात (संथ लयीत) गांधारावर येऊन स्थिरावला की आपण गांधार दाबून धरायचा नाही. त्याला हलका स्पर्श करून बोट उचलायचं आणि खाली षड्ज किंवा पंचम धरून ठेवायचा. गाणाऱ्याचा गांधार मग मोकळा लागतो. हे कुठल्या पुस्तकातून पाठ करायची गरज नाही, दहा मिनिटं गप्प बसायची सवय लागली की कान आपणच बोट उचलायला लावतो.

गाणाऱ्याची पट्टी विचारून घ्या, पण विचारण्यावर थांबू नका. “काळी चार” असं सांगणाऱ्या बाईंचा आवाज त्या दिवशी सर्दीने बसलेला असू शकतो. चहा घेताना त्या काय गुणगुणतात तिकडे लक्ष ठेवा, आणि वाटलं तर हळूच विचारा, “ताई, आज अर्धा सूर खाली घेऊया का?” बहुतेक वेळा समोरच्याला हायसं वाटतं.

दुसरी पायरी: ठेक्यातल्या खुणा

उपज फसते ती बहुतेकदा तालात. आणि तालात फसण्याचं कारण मात्रा मोजता न येणं हे क्वचितच असतं. आपण मोजत बसतो आणि ऐकायचं राहून जातं. मोजणारा माणूस तान घेताना मोजणं सोडतो आणि हरवतो. ऐकणाऱ्याला वाटेतले दगड ओळखीचे असतात.

बारा मात्रांचा विलंबित एकताल घ्या. त्याचा ठेका, म्हणजे तबल्यावर फिरत राहणारे बोल, असा: धिं धिं धागे तिरकिट, तू ना कत् ता, धागे तिरकिट धी ना. यात ‘तिरकिट’ दोनदा येतं, चौथ्या मात्रेला आणि दहाव्या मात्रेला. नवशिक्या हमखास इथे चुकतो, पहिल्या तिरकिटाला दुसरं समजतो आणि समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, आल्यासारखा उतरतो. दोघांमधला फरक पुढच्या बोलात आहे. चौथ्या मात्रेच्या तिरकिटानंतर ‘तू ना’ येतं, डग्गा (डाव्या हाताचा, घुमणारा) शांत असतो. दहाव्यानंतर ‘धी ना’ येतं, डग्ग्याचा घुमारा परततो आणि लगेच सम. एवढी एक खूण कानात पक्की झाली की विलंबित एकतालात तुम्ही कुठेही सोडून दिलेत तरी घरी याल.

सोळा मात्रांच्या त्रितालात खूण आणखी सोपी. नवव्या मात्रेची खाली (टाळीऐवजी हात मोकळा जातो ती जागा) लागली की पुढे ‘तिं तिं ता’, ‘ता’ अशा चार मात्रा डग्गा घुमत नाही. चौदाव्या मात्रेला ‘धिं’ आलं आणि खालून घुमारा आला, की तिथून समेला तीन मात्रा.

सराव असा करायचा. कुठलंही ख्यालाचं ध्वनिमुद्रण मधूनच चालू करा, डोळे मिटा, आणि सम आली की मांडीवर एक टिचकी. हात दुसरं काही करणार नाही. दिवसाला दहा वेळा, दहा वेगवेगळ्या ठिकाणांहून. माझ्याकडे येणारी मुलं पहिल्या आठवड्यात दहातल्या तीन-चार टिचक्या बरोबर मारतात. महिन्याभरात आठ-नऊपर्यंत जातात. आठ आल्याशिवाय मी पुढची पायरी देत नाही. काही जण रुसतात.

तिसरी पायरी: गळ्यातून बोटात

ही पायरी सगळ्यात लांब आहे आणि खरं काम इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एक ध्वनिमुद्रण लावा. एक ओळ ऐका, थांबवा. आता ती गा. आवाज कसाही असू दे, घरातल्यांनी हसू दे, पण गा. गळ्यातून बरोबर आली तरच पेटीवर वाजवा. गळ्यातून आली नाही तर परत ऐका. बोटांनी शोधायला जायचं नाही. पेटीवर चाचपडत स्वर सापडतात खरे, पण त्यात कानाला काहीच श्रम पडत नाहीत. पुढच्या वेळी तीच जागा आली की पुन्हा चाचपडणं.

सुरुवात तीन स्वरांच्या तुकड्यांनी करा, मग पाच-सहा स्वर, मग अर्धं आवर्तन. मी वहीत रोज वीस तुकड्यांतले किती पहिल्या ऐकण्यात जमले तेवढं लिहायचो. पहिल्या महिन्यात सहाच्या वर गेलो नाही. मन खट्टू होतं, पण सोडायचं नाही. त्या सहांमध्ये काय जमतंय आणि काय नाही ते बघा. माझ्या बाबतीत चढते तुकडे जमत होते, उतरताना मधला एखादा स्वर गळायचा. म्हणजे मी ओळीची सुरुवात ऐकत होतो आणि शेवटी शेवटी वाजवायच्या तयारीला लागत होतो. साथीत अगदी हेच होतं. समोरच्याची ओळ संपायच्या आत आपण मनात आपली ओळ रचायला घेतो. घरात कुणाशी बोलताना सुद्धा आपण हेच करतो की.

ओळ पूर्ण ऐकायची सवय लागावी म्हणून एक साधी अट घाला: ओळीचा शेवटचा स्वर आधी ओळखायचा, मग पहिला, मग मधले. शेवटचा स्वर म्हणजे न्यास, राग तिथेच टेकतो. भूप आणि देशकार दोघांचे पाचही स्वर तेच, सा रे ग प ध. फरक वजनाचा. भूप गांधारावर टेकतो, देशकार धैवतावर. फक्त स्वरांची यादी ऐकणाऱ्याला हे दोन राग एकच वाटतील, ओळ कुठे विसावली हे ऐकणाऱ्याला दोन आवर्तनांत उलगडा होईल.

दोन-तीन महिन्यांनी थांबवणं बंद करा. ध्वनिमुद्रण चालू आणि तुम्ही अर्धी मात्रा मागून चालता आहात. इथे एक गोष्ट हाताशी धरा, ती म्हणजे गाणाऱ्याचा श्वास. लांब, खोल श्वास आला की मोठी ओळ येणार. अर्धवट, चोरटा श्वास आला की आधीच्याच ओळीचं शेपूट येणार किंवा मुखडा, म्हणजे समेवर आणणारी बंदिशीची सुरुवात, येणार. समोर बसलेल्याचे खांदेही बघा. ऐकणं म्हणताना मी यालाही ऐकणंच म्हणतो.

याच काळात एक छोटी गोष्ट करा. केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीतून अवकाशात गेली. ते ध्वनिमुद्रण साडेतीन मिनिटांचं आहे आणि सहज मिळतं. ते दहा वेळा ऐका, दर वेळी एकच गोष्ट धरून. एकदा फक्त श्वास. एकदा फक्त ओळींचे शेवटचे स्वर. एकदा शब्द कुठे लांबवलाय तेवढं. एकदा आवाज कुठे मोठा होतो, कुठे बारीक. दहाव्यांदा काही न धरता ऐका. अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या त्या, आणि कोल्हापूरच्या मातीशी त्यांच्या जयपूर-अत्रौली घराण्याचं नातं आहे म्हणून मी मुलांना यापासून सुरुवात करायला लावतो. पण खरं कारण असं की साडेतीन मिनिटांत वाया गेलेला एकही स्वर सापडत नाही.

चौथी पायरी: रिकाम्या जागेत काय करायचं

गाणारा थांबतो, तंबोरा चालू असतो, ठेका चालू असतो, आणि सगळ्यांच्या नजरा पेटीकडे. नवरात्रात मी इथेच घसरलो होतो. या जागेत चार गोष्टी करता येतात: न्यासाचा स्वर धरून ठेवणं, गाणाऱ्याच्या ओळीचं शेपूट हळू आवाजात परत म्हणणं, त्या शेपटातून मुखड्याकडे जाणारी छोटी वाट काढणं, किंवा काहीही न करणं. सुरुवातीचे सहा महिने फक्त पहिल्या दोन करा. तिसरी आपोआप यायला लागते, कारण शेपूट पुन्हा म्हणता म्हणता एखाद दिवशी बोट पुढे सरकतं. ती तुमची पहिली उपज. ती बहुतेक दोन-तीन स्वरांचीच असेल. तिला जपा.

चौथी गोष्ट शिकायला मला सर्वांत जास्त वर्षं लागली. मोठ्या ओळीनंतर मंडपात जी शांतता पसरते ती गाणाऱ्याने कमावलेली असते. ती भरायची नसते.

आणि एक नियम असा आहे की तो मोडला तर कितीही सुंदर वाजवा, साथ बिघडते. गाणाऱ्याने अजून न दाखवलेला स्वर आपण दाखवायचा नाही. बढत करणारा खालच्या सप्तकापासून एकेक स्वर उघडत जातो. गांधारावर पाच आवर्तनं काढतो, मग पंचमाला हात घालतो, आणि अर्ध्या तासाने तारषड्ज (वरचा सा) लावतो, तेव्हा ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. तुम्ही दहाव्या मिनिटाला भरण्यात तारषड्ज वाजवून मोकळे झालात तर तो काटा तुम्ही पळवलात. त्या रात्री मी अक्कांचा तारषड्ज असाच पळवला होता, हे मला चार वर्षांनी कळलं.

जयपूर-अत्रौलीची गायकी करणाऱ्याला साथ असेल तर आणखी सावध राहा. तिथे आवर्तन आकारात (‘आ’ म्हणत) सलग विणलेलं असतं, मोकळी फट फार कमी. साथीदाराने बहुतेक वेळ नुसतं मागे चालायचं. मला विचाराल तर शिकण्यासाठी ही साथ सर्वांत मोलाची, कारण वाजवायला कमी आणि ऐकायला जास्त मिळतं.

आवाजाबद्दल एक कसोटी सांगतो. गाणाऱ्याच्या शब्दातला ‘त’ की ‘द’ हे तुम्हाला पेटीच्या आवाजामुळे कळत नसेल, तर भाता कमी करा. मंडपात मॉनिटर असेल तर साउंडवाल्या भावाला कार्यक्रमाआधीच सांगा, “माझ्याकडच्या स्पीकरमध्ये गाणाऱ्यांचा आवाज आणि तबला द्या, पेटी नको.” तो चमकून बघेल, कारण प्रत्येक जण स्वतःचाच आवाज मागत असतो.

पाचवी पायरी: तीन स्वरांची खोली

इथवर आलात की एकट्याने उपज करायला बसायला हरकत नाही. त्रितालाचा लेहरा (ताल दाखवत फिरत राहणारी धून) किंवा तबल्याचं अ‍ॅप लावा, मध्यलय. भूप घ्या. आणि सोळा आवर्तनं फक्त सा, रे, ग.

पहिली चार आवर्तनं सोपी जातात. पाचव्याला साठा संपतो. सहाव्याला कंटाळा येतो. तिथून खरं काम सुरू होतं, कारण आता नवीन स्वर घेऊन सुटका नाही. आता तुम्हाला लांबी बदलावी लागते, एखादा स्वर उशिरा लावावा लागतो, रिषभाला गांधाराचा कण (निसटता स्पर्श) द्यावा लागतो, दोन मात्रा गप्प बसावं लागतं. तीन स्वरांची उलटापालट सहा प्रकारे होते. चार स्वरांची चोवीस, पाचांची एकशेवीस, सातांची पाच हजार चाळीस. मेरुखंडाचा अभ्यास याच गणितावर उभा आहे आणि तो करणाऱ्याची बुद्धी चपळ होते यात शंका नाही. पण सहा प्रकार एकामागून एक वाजवले म्हणजे उपज झाली असं नाही. त्यांना एकमेकांशी बोलायला लावायचं आहे.

त्यासाठी अट: प्रत्येक आवर्तनातली ओळ मागच्या आवर्तनाच्या शेवटच्या स्वरावरून निघाली पाहिजे. म्हणजे स्वतःला ऐकावंच लागतं. दुसऱ्या आठवड्यात अट बदला: एक आवर्तन प्रश्न, एक उत्तर. प्रश्न गांधारावर किंवा रिषभावर अधांतरी सोडायचा, उत्तर षड्जावर आणायचं. उत्तरात प्रश्नातला निदान एक तुकडा जसाच्या तसा यायला हवा. तिसऱ्या आठवड्यात पंचम जोडा, पाचव्यात धैवत. पाच स्वर हातात आल्यावर बघा, पहिल्या दिवशी सुटे वाजवले असते तसे ते आता वाजत नाहीत.

रोजचं वाजवलेलं फोनवर मुद्रित करा, पण त्याच दिवशी ऐकू नका. वाजवल्या वाजवल्या ऐकलं की बोटांची आठवण ताजी असते आणि आपण मनातलंच ऐकतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ऐका, परक्याचं ऐकावं तसं.

तिहाईही याच पायरीवर घ्या. समजा ‘ग रे सा’ एकेका मात्रेचा तुकडा तीनदा घ्यायचा, मध्ये एकेक मात्रा मोकळी, आणि शेवटचा सा समेवर. एकूण अकरा मात्रा झाल्या, शेवटची समेवर पडणार, म्हणून त्रितालात सातव्या मात्रेला निघायचं. सात, आठ, नऊ, दहा मोकळी, अकरा, बारा, तेरा, चौदा मोकळी, पंधरा, सोळा आणि सम. कागदावर एकदा मांडा, मग कागद बाजूला ठेवा. तिहाई तीनदा का असते याचं माझं उत्तर असं की पहिली खेप तबलजीला सांगते, दुसऱ्या खेपेला त्याला खात्री पटते, तिसऱ्या खेपेला दोघं मिळून समेवर येतात. म्हणून पहिली खेप स्पष्ट वाजवा. गडबडीत, बारीक आवाजात सुरू केलेली तिहाई गणिताने बरोबर असूनही एकटी पडते.

सहावी पायरी: दुसऱ्या माणसाबरोबर

अ‍ॅपचा तबला तुमचं ऐकत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा तरी जिवंत तबलजी गाठा. कोल्हापुरात पेठेपेठेत भजनी मंडळं आहेत, तिथला पखवाजवाला, ढोलकीवाला कुणीही चालेल. अर्धा तास असा खेळ करा: पहिली दहा मिनिटं तुम्ही पुढे, तो मागे. पुढची दहा मिनिटं तो पुढे, तुम्ही त्याच्या बोलांचा आकार स्वरांत उतरवायचा. शेवटची दहा मिनिटं कुणी पुढे नाही. शेवटच्या दहा मिनिटांत सुरुवातीला गोंधळ होतो, तो होऊ द्या.

मी मुलांना एकदा तरी खासबागेत कुस्ती बघायला पाठवतो. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधून घेतलेल्या त्या मैदानात पैलवानांकडे नंतर बघा, आधी हलगीवाल्याकडे बघा. खडाखडी चालू आहे तोवर त्याचा हात चालता असतो. एकाने पट काढला, की डोळ्यांना डाव कळायच्या आत हलगी कडाडते. त्याची नजर पैलवानांच्या पायांवर असते, स्वतःच्या हातावर कधीच नाही. माझ्याकडचा एक मुलगा तिथून आला आणि म्हणाला, “सर, मी वाजवताना पेटीकडे बघतो.” त्या दिवसापासून त्याची साथ बदलली. पेटीवरच्या पट्ट्यांवरून नजर उचलून गाणाऱ्याकडे न्यायची, एवढाच बदल.

चुकलं तर

चुकणारच. दोन चुका नेहमीच्या आहेत.

वर्ज्य, म्हणजे रागात नसलेला, स्वर लागला, तर त्याला तसंच सोडा आणि सरळ न्यासाच्या स्वरावर येऊन थांबा. पुन्हा तीच ओळ ‘बरोबर’ वाजवून दाखवण्याचा मोह आवरा. गाणारा पुढे गेलेला असतो. तुम्ही मागे वळलात तर दोन चुका होतात. चेहऱ्यावरही काही दिसू देऊ नका, गाणाऱ्याचं लक्ष विचलित होतं.

सम चुकली, तर षड्ज धरा, बोटं थांबवा, आणि ठेक्यातली आपली खूण शोधा. एकतालात दुसरं तिरकिट, त्रितालात खालीनंतरचा घुमारा. ती मिळाली की मुखड्याला सामील व्हा. अंदाजाने मधूनच घुसू नका. एक आवर्तन गप्प राहिलेला साथीदार कुणाच्या लक्षातही येत नाही.

गाणाऱ्याचीच सम चुकली तर? तबलजीकडे बघा. तो ठेका सरळ ठेवून सम ठळक करेल, तुम्ही मुखड्याचा पहिला स्वर बरोबर जागी हळूच द्या. गाणाऱ्याला आधार मिळतो आणि श्रोत्यांना पत्ता लागत नाही.

पावसाळा, आणि मागची रांग

आपल्याकडे जून ते सप्टेंबर पेटीला जपावं लागतं. दमटपणाने सूर चिकटतात, पट्ट्या बसतात. वापरात नसताना झाकून, जमिनीपासून उंच ठेवा, आणि रोज निदान पाच मिनिटं भाता हलवा. चिकटलेल्या सुराची भीती मनात असली की कान गाण्याकडे राहत नाही.

याच दिवसांत मैफली ऐकायला जा. १८८३ पासून चालत आलेल्या देवल क्लबासारखी संस्था गावात असताना घरात बसून फक्त फोनवर ऐकणं बरं नाही. बसायचं मात्र साथीदारांच्या बाजूला, जिथून पेटीवाल्याचे हात आणि गाणाऱ्याचा चेहरा दोन्ही दिसतील अशा जागी. मोबाइल खिशात. मुद्रण करायला घेतलंत की ‘नंतर ऐकू’ म्हणून कान ढिला पडतो.

मैफल संपली, किंवा तुमचाच कार्यक्रम संपला, की एक काम उरतं. गाडी सुरू करायच्या आधी दोन मिनिटं बाजूला उभं राहायचं आणि गाणाऱ्याने शेवटच्या आवर्तनात काय गायलं ते गुणगुणायचं. आपण काय वाजवलं ते नको, त्यांनी काय गायलं ते. आठवलं तर घरी जाऊन वहीत लिहायचं, तारीख घालून. माझ्या वहीत अशी चारशेच्या वर आवर्तनं आहेत आणि मधली कितीतरी पानं कोरीही आहेत. कोऱ्या पानावरही तारीख आहे. आठवलं नाही त्या रात्री मी तबलजीला फोन करतो. त्याला नेहमी आठवतं.